डोंगरातलं कॅम्पिंग, तंबू की आरव्ही? आपापले अनुभव लिहा

अमेरिकेत डोंगरात जाऊन तंबू ठोकलेले किंवा आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन फिरलेले इथे बरेच जण आहेत हे माहितीये म्हणून धागा काढतेय. रिसॉर्टवजा ठिकाणं नकोत. जिथे वीज नाही, शॉवर नाही, फोनला रेंज नाही आणि संडास म्हणजे खोल खड्ड्यावर बांधलेली खोली, पाण्याचा थेंब नाही, अशा जागांबद्दल लिहा. पुढच्या उन्हाळ्यात सासूसासरे येतायत, त्यांना न्यावं की नको यावर घरात रोज वाद चालू आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगते.

माझ्यापासून सुरुवात. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कचं टुआलमी मेडोज कॅम्पग्राउंड. मधली काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२५ मध्ये परत उघडलं. खाली दरीत जी गर्दी असते त्याच्या मानाने खूप शांत, पण उंची ८६०० फूट. दिवसा टीशर्टवर फिरलो, ऊन इतकं की नाक सोललं, आणि सूर्य गेल्यावर अर्ध्या तासात सगळे जॅकेट टोपी मोजे घालून शेकोटीला चिकटले. लोक विचारतात अस्वलाची भीती नाही का वाटली. अहो अस्वल दिसलंसुद्धा नाही, जीव काढला तो थंडीने. स्लीपिंग बॅग चांगली होती, पण खालून जमीन गारवा ओढते, त्यामुळे बॅगपेक्षा खालचं पॅड महत्त्वाचं हे तिथे शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी सांगितलं आणि त्यांच्याकडचं जास्तीचं फोमचं पॅड मुलीसाठी दिलं पण.

अस्वलाचे नियम मात्र कडक आहेत. प्रत्येक साइटवर (म्हणजे तंबूसाठी आखून दिलेल्या जागेवर) लोखंडी पेटी असते, खायचं सगळं त्यात. खायचंच नाही, टूथपेस्ट, क्रीम, साबण, बेबी वाइप्स, वास येणारं सगळं. गाडीत ठेवायचं नाही, काच फोडून दार वाकवून आत जातं ते. आणि हो, योसेमिटीत बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा फवारा) न्यायला बंदी आहे, बरेच जण घेऊन येतात. आमच्या मसाल्याच्या डब्याला आणि हिंगाच्या डबीला आधी कुलूपबंद केलं मग झोपलो.

तिथे पाणी ९१ अंशाच्या आसपासच उकळतं त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी टणक राहते. मी कुकर नेला होता. नवरा लाजत होता. पहिली शिट्टी झाली तशी आजूबाजूच्या चार साइटवरची डोकी वळली, दुसऱ्या शिट्टीला एक बाई उठून बघायलाच आली, तिला वरणभात दिला. कुकर न्याच. आता तुम्ही लिहा.

*

आम्ही आरव्हीवाले, आधीच सांगतो म्हणजे तंबूवाल्यांना शिव्या घालायला सोपं.

यलोस्टोन नॅशनल पार्कला भाड्याने २५ फुटी आरव्ही घेतली होती. साध्या लायसन्सवर चालवता येते, हे ऐकूनच मला घाम फुटला होता. गाडी देणाऱ्यांनी वीस मिनिटांत सगळं भराभर दाखवलं आणि फोनवर व्हिडिओ काढून घ्या म्हणाले. चालवायला तितकी अवघड नाही, पण पहिल्या वळणावर मागे भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखा आवाज झाला. कपाटाच्या कड्या लावा, प्रत्येक वेळी, निघायच्या आधी.

मुद्द्याची गोष्ट म्हणजे हुकअप (गाडीला वीज, पाणी जोडायची सोय) नसलेल्या साइटवर आरव्ही म्हणजे चाकावरचं हॉटेल नाही. तिथल्या ग्रँट व्हिलेज कॅम्पग्राउंडला हुकअप नाही. हीटर गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर. रात्रभर पंखा फिरला की पहाटेपर्यंत बॅटरी बसते आणि मग गॅसची टाकी भरलेली असूनसुद्धा तुम्ही कुडकुडत बसता. जनरेटर लावू म्हटलं तर तिथे सकाळी ८ ते रात्री ८ एवढीच परवानगी. पहाटे पाचपासून आठ वाजेपर्यंत आम्ही चौघं एका पलंगावर सगळी पांघरुणं घेऊन घड्याळ बघत होतो. दुसऱ्या रात्री थर्मोस्टॅट खाली ठेवला, जाड पांघरुणं अंगावर घेतली, काही त्रास नाही. तेव्हा आरव्ही घेतली म्हणून गरम कपडे घरी ठेवू नका.

नंतर फिशिंग ब्रिजला गेलो. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज, सांडपाणी तिन्हीचं हुकअप फक्त तिथे. आणि तिथे तंबूला बंदी, कापडी भिंतीचा ट्रेलरसुद्धा चालत नाही कारण ग्रिझली अस्वलांचा वावर आहे. बायकोने तो बोर्ड वाचला आणि मुलांना बाहेर खेळू देईना.

राहिला डंप स्टेशनचा विषय, म्हणजे आरव्हीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा. सगळे त्याला घाबरतात. हातमोजे घाला, आधी संडासाची टाकी सोडायची मग अंघोळीच्या आणि बेसिनच्या पाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो. उलट केलंत तर तुमचं नशीब. दहा मिनिटांचं काम आहे. मागे रांग असते आणि रांगेतले सगळे तुमच्याकडेच बघत असतात हा खरा त्रास.

*

जनरेटर. बास, एवढंच लिहायचं होतं.

बरं थोडं लिहितो. तंबूत झोपणाऱ्याला शेजारी जनरेटर म्हणजे काय असतं ते आरव्हीवाल्यांना कळत नाही कारण ते आत असतात. सकाळी आठ म्हणजे आठच्या ठोक्याला सुरू, कॉफी मशीनसाठी! बुकिंग करताना साइट बघून घ्या. यलोस्टोनमध्येच लुइस लेक, स्लॉ क्रीक अशी छोटी कॅम्पग्राउंड आहेत तिथे जनरेटरला परवानगीच नाही, व्हॉल्ट टॉयलेट (तोच खड्ड्यावरचा बिनपाण्याचा संडास) आहे, शॉवर नाही. मी तिथेच जातो. वरच्या दादांवर राग नाही, ते पहाटे गप बसले हे वाचून बरं वाटलं.

*

धागाकर्त्या ताईंसाठी खास लिहितेय कारण आम्ही आईबाबांना नेलं होतं. तेव्हा ७० च्या पुढचे होते दोघं.

स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क, एल्कमाँट कॅम्पग्राउंड. मुद्दाम कमी उंचीचं निवडलं, म्हणजे थंडीचा आणि दम लागण्याचा प्रश्न नको. त्या पार्कात शॉवर कुठेच नाही, एल्कमाँटला वीज पाण्याचं हुकअप नाही, पण फ्लशचे संडास आहेत आणि नळाला गार पाणी आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना नेताना हीच एक गोष्ट बघायची असते, बाकी सगळं मागाहून. साइट संडासापासून जवळ घ्या, अगदी लागून नको, रात्रभर दार वाजतं. आईसाठी उंच कॉट नेली कारण जमिनीवर बसलं की उठता येत नाही. खुर्च्या हाताच्या, पाठ टेकता येणाऱ्या. प्रत्येकाला डोक्याला लावायचा दिवा, हातात धरायची टॉर्च नको कारण संडासात ती धरणार कोण. आणि पाण्याची बाटली, कशासाठी ते सांगायला नको.

आई पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून बसली होती, एवढे पैसे कमावता आणि जमिनीवर झोपता म्हणे. बाबा मात्र सकाळी उठून कॅम्पग्राउंडच्या होस्टशी गप्पा मारायला. हे होस्ट म्हणजे बहुतेक रिटायर्ड जोडपी असतात, आपली आरव्ही घेऊन सीझनभर तिथे मुक्काम आणि स्वयंसेवक म्हणून काम. बाबांना ती कल्पना एवढी आवडली की घरी आल्यावर प्रत्येकाला तेच सांगत होते.

आम्ही गेलो ते काजव्यांच्या दिवसांत. एल्कमाँटचे काजवे एकत्र लुकलुकतात, सगळे एकदम पेटतात आणि एकदम विझतात. मेअखेर ते जूनमध्ये आठवडाभरच जोरात असतं आणि बाहेरून गाडी घेऊन यायचं तर लॉटरीत नंबर लागावा लागतो, पण कॅम्पग्राउंडचं बुकिंग असेल तर त्याची गरज नाही. मात्र त्या दिवसांचं बुकिंग मिळणं हीच मोठी लॉटरी. टॉर्चला लाल कागद लावावा लागतो. आई अंधारात उभी राहून आजोळच्या गोष्टी सांगत होती, ज्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या, आणि डास चावतायत म्हणून तक्रार पण चालू.

अजून एक, स्मोकीत जळण घरून नेता येत नाही. हीट ट्रीटमेंट केलेलं, शिक्का असलेलं लाकूडच चालतं, कारण लाकडातून किडे येतात आणि तिथली झाडं मरतात. आमच्या मागच्या गाडीवाल्यांनी ट्रकभर ओंडके आणले होते, रेंजरने (पार्कच्या रक्षकाने) थांबवलं.

*

मला नाही आवडलं. सगळे छानछान लिहितायत म्हणून सांगते.

रॉकी माउंटन नॅशनल पार्कचं मोरेन पार्क कॅम्पग्राउंड, सप्टेंबरअखेर. तेव्हा एल्कचा (मोठ्या हरणाचा) माजाचा काळ असतो आणि नर रात्रभर ओरडतात. त्याला संगीत म्हणतात लोक, यूट्यूबवर ऐकतात. मला रात्री दोन वाजता तंबूच्या कापडापलीकडे ते ऐकून रडू फुटलं. संडासला जायचं होतं आणि बाहेर एवढं मोठं जनावर, नियम आहे की ७५ फूट लांब राहा, आता तंबूत बसून मी कशी लांब राहू?? नवऱ्याने टॉर्च मारली तर सात आठ जण होते, निवांत चरत. पहाटेपर्यंत दाबून बसले. सकाळी तंबू आतून ओला, आमच्याच श्वासाचं पाणी, थंडी वाजते म्हणून खिडक्या गच्च बंद केल्या होत्या. शेजारचे म्हणाले वरची जाळी थोडी उघडी ठेवायची. ठेवली. तरी नाही आवडलं. आता नवरा आणि मुलगा जातात, मी जवळच्या एस्टेस पार्क गावात हॉटेलात राहते आणि दिवसा त्यांना भेटायला जाते. सगळे खुश आहेत. ताई, सासूबाईंना हा पर्याय पण द्या.

*

वरचं वाचून हसलो पण खरंय, माझ्या बहिणीचं हेच मत.

उंचीच्या त्रासाबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. नेवाडात ग्रेट बेसिन नॅशनल पार्क आहे, फारसं कोणी जात नाही. तिथलं व्हीलर पीक कॅम्पग्राउंड जवळजवळ ९९०० फुटांवर. वर जायच्या रस्त्यावर २४ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, त्यामुळे मोठ्या आरव्ही आपोआप खालीच राहतात. आम्ही एका दिवसात खालून थेट वर गेलो आणि रात्री माझ्या भावाचं डोकं असं ठणकायला लागलं की उलट्या. रात्रीच गाडीत घालून खालच्या कॅम्पग्राउंडला आणला, तासाभरात माणूस बरा. उंचीच्या त्रासाला उतरणं हेच औषध, गोळ्या घेऊन कळ काढत बसू नका, आणि वयस्कर किंवा हार्टवाले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. जमलं तर एक रात्र मध्ये कुठेतरी काढा मग वर.

आकाशाबद्दल लिहीत नाही, अमावस्येला जा म्हणजे झालं. आणि थंडी वाजली म्हणून कोणीही तंबूत शेगडी किंवा कोळसे घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आरव्हीत त्याचा डिटेक्टर असतो, तो पिपाणी वाजवत असेल तर बॅटरी काढून टाकू नका, बाहेर पडा.

*

अस्वलं, एल्क सगळे झाले, मार्मटचं कोणी लिहा की. बरं मीच.

कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया नॅशनल पार्कात मिनरल किंग म्हणून भाग आहे. रस्ता अरुंद आणि वळणांचा, आणि तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये आरव्ही आणि ट्रेलरला परवानगीच नाही. वरती कोल्ड स्प्रिंग्ज कॅम्पग्राउंड, उंची ७५०० फूट. सुरुवातीच्या उन्हाळ्यात तिथले मार्मट, म्हणजे मोठ्या खारीचेच भाऊबंद, गाडीच्या बॉनेटखाली शिरून रेडिएटरचे पाइप आणि वायरी कुरतडतात. ट्रेलहेडला (पायवाट सुरू होते तिथे) पोचलो तर सगळ्या गाड्या खालून निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या, मला वाटलं काही अपघात झालाय. ताडपत्रीवर गाडी चढवायची आणि चारी बाजूंनी वर ओढून बांधायची. आम्ही पण बांधली, तरी निघताना बॉनेट उघडून बघितलं तर एक साहेब बॅटरीवर बसून आमच्याकडे बघत होते. भाऊ काठी घेऊन आला, साहेब हलेनात. शेवटी बॉनेट उघडं ठेवून बाजूला बसलो, डबा उघडला, तासाभराने ते आपणहून उतरले.

*

नवीन आहे, एक प्रश्न. हे सगळं बुक कसं करायचं? मी बघितलं तर कायम फुल दाखवतं.

*

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर. बऱ्याच ठिकाणी सहा महिने आधी उघडतं, योसेमिटीचं पाच महिने आधी, दर महिन्याच्या १५ तारखेला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ ला, एका महिन्याच्या तारखा एकदम. ७ वाजून १ मिनिटाने गेलात तर संपलं. पण कॅन्सलेशन भरपूर होतात, हवी ती तारीख अलर्टला लावून ठेवा, आठवडाभर आधी बरंच सुटतं, त्यातही सोमवार ते गुरुवार. आरव्ही असेल तर साइटची लांबी नीट वाचा, ३० फुटी गाडी घेऊन २४ फुटी साइटवर गेलात तर रेंजर परत पाठवतो. काहीच नाही मिळालं तर नॅशनल फॉरेस्टची छोटी कॅम्पग्राउंड बघा, त्यातली काही अजून पहिला येईल त्याला. पोचलात की मोकळी साइट शोधायची, पाकिटात पैसे घालून लोखंडी खांबाच्या खाचेत टाकायचे, पावती खुंट्याला अडकवायची. सुट्टे पैसे न्या, उरलेले परत द्यायला तिथे कोणी नसतं. आणि गुरुवारी दुपारपर्यंत पोचा, शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर काही मिळत नाही.