एफएचआयटी जनुक: ॲफिडिकोलिन देऊनही ३पी१४.२ वर फट का दिसत नाही?

स्लाइडवाली: रक्ताचं ५ मिलीचं कल्चर, ७२ तास, शेवटचे २४ तास ॲफिडिकोलिन (डीएनएची नक्कल मंदावणारं औषध) ०.४ मायक्रोमोलार. ५० मेटाफेज (विभाजनात गुणसूत्रं सुटी दिसणाऱ्या पेशी) पाहिले, एफआरए३बीवर (गुणसूत्र ३ च्या आखूड बाहूवर ३पी१४.२ इथली, एफएचआयटी जनुकातली सहज फुटणारी जागा) फट फक्त एकात. त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये तर शून्य. मोजणी जी-बँडिंगवर (गुणसूत्रांवर गडद-फिकट पट्टे उमटवणारी पद्धत). डोस वाढवू का?

कोल्सेमिड: डोसला हात लावू नका, आधी मोजायची पद्धत बदला. बँडिंगमध्ये फिकट पट्टा आणि फट यांतला फरक कळत नाही. पट्टे न उमटवता नुसत्या गीम्सा रंगात रंगवा. तीन नंबरचं गुणसूत्र लांबीवरून आणि मधोमध असलेल्या सेंट्रोमिअरवरून (दोन बाहूंच्या सांध्यावरून) साधारण हेरता येतं. फट आखूड बाहूवर, टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर शोधा. पेशी पुन्हा सापडावी म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या व्हर्नियर पट्टीचे आकडे टिपा, फोटो घ्या, मग तेल पुसून, रंग उतरवून तीच स्लाइड बँड करा.

स्टॉकही तपासा: १ मिलिग्रॅम औषध २.९५ मिली डीएमएसओत (औषध विरघळवायच्या द्रवात) विरघळवलं की १ मिलिमोलार होतं. तुमच्या ५ मिलीला त्यातलं २ मायक्रोलिटर पुरे. कंट्रोलच्या नळीत तेवढंच नुसतं डीएमएसओ.

एस_फेज: फायब्रोब्लास्टमधलं शून्य ही चूक नव्हे. लिम्फोसाइट वंशाच्या पेशींत या जागेच्या गाभ्यात सुमारे ७ लाख बेसपर्यंत रेप्लिकेशन (डीएनएची नक्कल) जवळपास सुरूच होत नाही. नक्कल पुढे नेणाऱ्या फोर्कना दोन्ही कडांकडून एवढी मजल मारावी लागते. ॲफिडिकोलिनने पॉलिमरेज (नक्कल करणारं विकर) मंदावला की काम अर्धवट राहतं आणि पेशी तशीच मायटोसिसमध्ये (विभाजनात) शिरते. फायब्रोब्लास्टमध्ये सुरुवातीच्या जागांची मांडणी वेगळी, त्यामुळे तिथे दुसऱ्याच जागा फुटतात. जनुक १५ लाख बेसचं आणि प्रथिन जेमतेम १४७ अमिनो आम्लांचं, हा थाट वेगळाच!

स्लाइडवाली: मग ०.४ वरच थांबू? आणि कंट्रोल म्हणून एखादी कॅन्सरची सेल लाइन चालेल?

कोल्सेमिड: ०.२ आणि ०.४ अशा दोन नळ्या लावा. फार वाढवलंत तर पेशी एस फेजमध्येच (डीएनएच्या नकलेच्या टप्प्यातच) अडकतात आणि मोजायला मेटाफेजच उरत नाहीत. सेल लाइन नको. बऱ्याच लाइन्समध्ये एफएचआयटीच्या एक्सॉन ५ च्या (जनुकाच्या एका खंडाच्या) आसपासचा तुकडा दोन्ही प्रतींतून गळालेला असतो. जी जागाच नाही ती फुटणार कशी? निरोगी माणसाचं रक्त घ्या. आणि फट नक्की एफएचआयटीतच आहे असं लिहायचं असेल, तर बँडिंग पुरत नाही, त्या जनुकावरच्या बॅक क्लोनने (त्याच्या डीएनएच्या तुकड्याने) फिश करा, म्हणजे चमकणाऱ्या खुणेने जागा दाखवा.