ट्रेकसाठी वाळवलेल्या जेवणात मीठ-मसाला केव्हा घालावा?

गोदाकाठ :
घरी शिजवून वाळवलेली खिचडी किंवा आमटी ट्रेकला नेणारे नाशिकमध्ये आता बरेच आहेत. मात्र मीठ-मसाला शिजवतानाच घालावा की गडावर, यावर एकमत होत नाही. माझ्या मते वाळवायचे अन्न जवळजवळ अळणीच ठेवावे. डिहायड्रेटरमध्ये ६० अंशांच्या आसपास कित्येक तास अन्न वाळत असताना हिंग-जिऱ्याचा वास घरभर दरवळतो, म्हणजे तेवढा तो अन्नातून निघून जात असतो. फोडणीचे तेल तर वाळतच नाही. ते अन्नाला चिकटून राहते आणि काही दिवसांनी खवट लागू लागते. काळ्या मसाल्यात सुके खोबरे आणि तीळ असल्यामुळे तोही याला अपवाद नाही. मी डाळ-तांदूळ फक्त हळद घालून मऊ शिजवते, ताटलीवर पातळ पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवते आणि तेल लहान बाटलीत वेगळे नेते. खिचडी फुगली की कढल्यात मोहरी तडतडवायची, धने-जिऱ्याची पूड त्यातच परतायची आणि फोडणी वरून ओतायची.

डोंगरयात्री :
आपले तेलाबद्दलचे म्हणणे पटते, पण अळणी अन्नाचा आग्रह मला मान्य नाही. मीठ आणि तिखट डाळीत मुरावे लागते. वरून भुरभुरलेले मीठ जिभेला खारट लागते आणि दाणा आतून सपकच राहतो. शिवाय साल्हेरसारख्या १५६७ मीटर उंचीच्या गडावर अंधार पडल्यावर, वाऱ्याने स्टोव्हची ज्योत आडवी होत असताना, दमलेल्या माणसांनी मोहरी तडतडण्याची वाट पाहत बसावे, ही अपेक्षाच मला अव्यवहार्य वाटते. मसाला मी घरीच, अगदी थोड्या तेलात, कच्चट वास जाईपर्यंत परततो आणि ते वाळवण फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवतो.

गोदाकाठ :
उन्हाळ्यात आपली पद्धत चालेलही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात मात्र मीठ घातलेले वाळवण पुडी एकदा उघडली की फार लवकर सादळते आणि सादळलेल्या अन्नाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. राहिला मुरण्याचा प्रश्न, तर मीठ ज्या पाण्यात वाळवण भिजवायचे त्याच पाण्यात विरघळवावे, म्हणजे दाणा फुगताना ते पाण्याबरोबर आत जाते.

पंचवटीकर :
दोघांच्याही बोलण्यात आंबटाचा विषय आला नाही आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चिंच किंवा टोमॅटो आधी पडला की डाळ लवकर शिजत नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. त्यातच साल्हेरच्या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. म्हणून आमटीचे वाळवण आंबटाशिवाय करावे आणि ते मऊ झाल्यावरच त्यात आमसूल टाकावे. आमसूल आधीच सुके असल्यामुळे त्याचे वजनही होत नाही.

डोंगरयात्री :
आमसुलाचे म्हणणे मी विनातक्रार स्वीकारतो, आणि पावसाळ्यात एका वेळेपुरतीच पुडी बांधली तर सादळण्याची भीतीही उरत नाही. मसाला मात्र मी घरीच परतणार. पुडी उघडली, उकळते पाणी ओतले आणि झाकण ठेवले, एवढ्यावर जेवण तयार व्हावे, यासाठीच तर आपण वाळवणाचा खटाटोप करतो.