पांचट, थिल्लर की आणखी काही? विनोदाने बिघडलेल्या सुपरहिरोपटासाठी नेमका शब्द

मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकेतल्या ‘थॉर : लव्ह अँड थंडर’ (२०२२) या चित्रपटावर बोलताना लोक जे शब्द वापरतात त्यांच्याबद्दल विचारायचं आहे. पांचट, पकाऊ, थिल्लर, पोरकट, ‘डोक्यात गेला’, ‘भ्रमनिरास झाला’ असं सगळं एकाच दमात म्हटलं जातं. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? माझी अडचण अशी की त्यातले बरेच विनोद मला आवडले. किंचाळणाऱ्या बोकडांना मी मनापासून हसलो. तरी चित्रपट संपल्यावर चिडचिड झाली. विनोद चांगले होते तर ‘पांचट’ कसं म्हणू? आणि पांचट नव्हे, तर मग काय?

*

पांचट हे विशेषण विनोदाच्या गुणवत्तेचं आहे. बोलण्यात पांचट आणि पाणचट एकमेकांत मिसळून गेलेत. भाव एकच, चव नसलेला. ज्या विनोदाला हसूच येत नाही तो पांचट. तुम्हाला हसू आलं, म्हणजे हा शब्द तुमच्या कामाचा नाही.

थिल्लर हे वृत्तीचं विशेषण. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे डबकं. ज्ञानेश्वरीतही तो त्या अर्थाने येतो. खोली नाही म्हणून थिल्लर. उथळ हा शब्दही पाण्याचाच, आणि पाणचट तर उघडच. थिल्लर माणूस उत्तम विनोद करू शकतो, फक्त त्याला कशाचंच गांभीर्य नसतं. म्हणून एखादा विनोद पांचट नसूनही थिल्लर असू शकतो. पोरकट आणखी वेगळा, तिथे समज कमी पडलेली असते. वात्रट मात्र या यादीत आणू नये. त्यात लाड आहे, वात्रटिका तर आपण आवडीने वाचतो.

पण तुमच्या चिडचिडीचं खरं नाव मला वाटतं रसभंग.

कथेत काय आहे ते आठवून पाहा. सुरुवातीलाच गॉर नावाचा भक्त, जो पुढे खलनायक होतो, वाळवंटात आपल्या मुलीला तहानेने मरताना पाहतो, आणि ज्या देवाची त्याने आयुष्यभर पूजा केली तो देव त्याला हसतो. थॉरची जुनी प्रेमिका जेन, तिला चौथ्या टप्प्यातला कर्करोग आहे. ज्या हातोड्यामुळे तिला सामर्थ्य मिळतं तोच तिच्या शरीराची उपचारांना साथ देण्याची ताकद शोषून घेतोय. पळवून नेलेली मुलं अंधारात कोंडलेली आहेत. हे सगळं करुण आणि भयानक. त्याच्या शेजारीच बोकडांची किंकाळी, आणि तलवारीची धार लावावी तशी घोटून घोटून तयार केलेली जेनची युद्धघोषणा. बोकड वाईट नाहीत. ते चुकीच्या जागी उभे आहेत.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त लिहिलं : ‘अनौचित्यादृते नान्यद्रसभङ्गस्य कारणम्’. अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरं कारण नाही. अनौचित्य म्हणजे इथे अश्लीलता नव्हे. जे जिथे शोभत नाही ते तिथे असणं. मला तर हे वाक्य आजच्या प्रेक्षकाची पूर्ण बाजू मांडणारं वाटतं. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त आणखी स्पष्ट आहे : हास्याचा विरोध भयानकाशी आणि करुणाशी. उलट भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य शृंगारातून उपजतो असं सांगितलंय. आता याच चित्रपटात कुठले विनोद जमले ते बघा. थॉरची कुऱ्हाड त्याच्या जुन्या हातोड्यावर जळते, तो तिची समजूत काढतो, मागे ताटातूट झालेली प्रेमिका समोर उभी. शृंगाराच्या अंगणातला विनोद आहे, म्हणून तो खुलतो. तोच सूर रुग्णशय्येपाशी नेला की खटकतो.

*

समर्थांनी ‘टवाळा आवडे विनोद’ म्हणून ठेवलंय. वीरकथेत विनोद हवाच कशाला?

*

हे पटत नाही. दासबोधातली ती ओळ कुणाला काय ऐकायला आवडतं याबद्दलची आहे, हास्यावर बंदी घालणारी नाही. संस्कृत नाटकांत विदूषक असतो, आणि तो नायकाचा जिवलग मित्र असतो. पण विदूषक नायकाशेजारी असतो. नायकालाच विदूषक केला की प्रश्न येतो. समर्थांचा टवाळ हा शब्द मात्र इथे कामाचा आहे. टवाळी म्हणजे जे आदराचं आहे त्याची खिल्ली. सात-आठ चित्रपटांतून ज्या थॉरचे आईवडील, भाऊ, घर सगळं गेलं, ते दुःख या भागात गमतीच्या निवेदनात उरकलंय. जुन्या प्रेक्षकाला ती टवाळी वाटली तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

*

याच धाग्यावर एक जोडी सुचवतो : हसू आणि हसं. एका अनुस्वाराचा आणि उकाराचा फरक, पण त्यात सगळं आलं. प्रेक्षकाला हसू येतं. पात्राचं हसं होतं. पहिल्यात पात्र आपल्यासोबत असतं, दुसऱ्यात ते आपल्यासमोर उघडं पडतं. ग्रीक देव झ्यूसच्या दरबारात थॉरचे कपडे उडवले जातात तेव्हा सभागृहात हसू पिकतं, पण थॉरचं हसंही होतं.

१९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’चंही हेच झालं होतं. त्यातला खलनायक बर्फ आणि थंडी यांवर एकामागून एक कोट्या करत राहतो, आणि त्याची आजारी बायको मात्र गोठवलेल्या अवस्थेत पडून आहे. तिच्यासाठी तो हे सगळं करतोय हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. बॅटमॅनचा पुढचा चित्रपट थेट २००५ साली आला, आणि तो गंभीर सुरात.

*

निराशेच्या शब्दांकडेही बघू या, तिथे जास्त गोंधळ आहे.

अपेक्षाभंग व्हायला आधी अपेक्षा लागते, आणि ती रास्त असते. २०१७ च्या ‘थॉर : रॅग्नारॉक’ने थॉरला विनोदी सूर दिला आणि तो बहुतेकांना भावला. दिग्दर्शक तोच, टायका वायटीटी. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही सर्वेक्षण संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून चित्रपटाला श्रेणी घेते. ‘रॅग्नारॉक’ला ‘ए’ मिळाली होती, ‘लव्ह अँड थंडर’ला ‘बी प्लस’. म्हणजे आपटला असं नाही. अपेक्षेच्या खाली राहिला. यासाठी अपेक्षाभंग अचूक आहे.

भ्रमनिरास म्हणजे मुळात समजूतच खोटी होती हे कळणं. तो शब्द एका चित्रपटाला लावू नये. या मालिकेत प्रत्येक गोष्टीला पुढे काही अर्थ असतो असं ज्याला वाटत होतं आणि आता वाटत नाही, त्याने भ्रमनिरास म्हणावं. हिरमोड हा छोटा, तत्काळ आणि थोडा लहान मुलासारखा. पहिल्या खेळाला उत्साहाने गेलेल्याचा हिरमोड होतो. विरस दोघांच्या मधला, मनातली गोडी निघून जाणं. पचका झाला, पोपट झाला हे बोलायला ठीक, पण त्यात फजितीचा अर्थ येतो. चित्रपट आवडला नाही यात प्रेक्षकाची कसली फजिती?

*

क्रियापदं सुटली. ‘विनोद पेरला’ म्हटलं की कौतुक, ‘घुसडला’ म्हटलं की निकाल लागला. ओढूनताणून आणलेला विनोद वेगळा आणि घुसडलेला वेगळा : पहिल्यात विनोद जमत नाही म्हणून कष्ट दिसतात, दुसऱ्यात जागा नसताना तो कोंबलेला असतो. परीक्षण लिहिताना नुसतं ‘विनोदाचा अतिरेक’ लिहिल्याने वाचकाला काहीच कळत नाही. किती विनोद होते ही तक्रार क्वचितच असते. गॉर पडद्यावर असताना ती भूमिका करणाऱ्या क्रिस्टियन बेल यांच्या कुजबुजत्या आवाजाने जी भीती तयार होते तिला दोन मिनिटंही टिकू दिलं जात नाही, ही तक्रार आहे.

*

मूळ प्रश्न माझा होता, म्हणून एक शंका. रसभंग अर्थाने चपखल आहे, पण बोलताना जड जातो. चित्रपटगृहातून बाहेर पडताना मित्राला ‘रसभंग झाला’ असं कुणी म्हणत नाही. ‘मजा किरकिरी झाली’ किंवा ‘विरजण पडलं’ चालेल का?

*

मजा किरकिरी होते तेव्हा मजा चालू असते. तुमची तक्रार उलटी आहे, दुःख चालू होतं आणि त्यात मजा आली. विरजण उत्साहावर पडतं, तेही इथे बसत नाही. बोलीतला शब्द हवा तर विचका. चांगल्या रंगलेल्या गोष्टीत नको ते आणून ती बिघडवणं म्हणजे विचका करणं. लग्नाचा होतो, बैठकीचा होतो, तसा रडण्याचाही होऊ शकतो.

*

हो, हे बसतं. ‘विनोद एकेकटे चांगले होते, पण जेनच्या प्रसंगांचा त्यांनी विचका केला.’ मला हेच म्हणायचं होतं.