मदत हवी आहे: मासेमारीच्या रॉडच्या गाईडवरचं इपॉक्सी चार दिवस झाले तरी चिकट आणि धुरकट (मालवण)

खाडीकाठ

मंडळी, गिऱ्हाइकाचा रॉड आहे म्हणून विचारतोय. स्वतःचा असता तर तसाच वापरला असता.

९ फुटी, दोन तुकड्यांचा कार्बन ब्लँक (रॉडचा कोरा दांडा), १५ ते ५० ग्रॅमचं वजन फेकणारा. रील ५००० नंबरची. वापर खडपावरून आणि खाडीच्या मुखाशी: तांबोशी, जिताडा, कधी रावस. टिपटॉप (टोकाची कडी) सोडून ९ गाईड (दोर ओवायच्या कड्या), पहिल्या तीन दोन पायांच्या, बाकी एका पायाच्या. गाईड बांधायचा दोरा नायलॉन, ए साईज. त्यावरचं फिनिश दोन बाटल्यांचं (रेझिन आणि हार्डनर) रॉड इपॉक्सी, मापाने १:१. शनिवारी रात्री पहिला हात देऊन रॉड सावकाश फिरवणाऱ्या मोटरवर लावला. मध्ये दीड तास लाईट गेली होती. बाहेर संततधार.

आज चौथा दिवस. तीन गाईडवर नख रुततंय. बाकीच्या कडक आहेत, पण वर दुधाळ, तेलकट थर आहे, बोटाचा ठसा उठतो. टिपच्या तुकड्यावर दोन ठिकाणी इपॉक्सी मागे सरून खळगे पडलेत, आत दोरा उघडा दिसतो. आणि एका गाईडखाली एकाच बाजूला थेंबासारखं पोट आलंय.

सगळं खरवडून नव्याने बांधू की वरून दुसरा हात देऊन भागेल? आणि पुढच्या रॉडसाठी दोन प्रश्न: पहिली गाईड रीलपासून किती लांब घ्यायची, आणि मजुरी कशी लावायची?

गरवेकर

आषाढात फिनिश मारूक बसूचाच नाय. दिवाळेपर्यंत थांब.

शिसगोळी

गरवेकर, तोवर गिऱ्हाईक थांबायला हवं ना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, समुद्र खवळलेला, म्हणजे रॉड बांधायला सवड नेमकी याच दिवसांत मिळते.

खाडीकाठ, आधी एवढं सांगा: एकूण किती मिली कालवलं? सिरिंज कुठली? कशाने आणि किती वेळ ढवळलं? नख रुतणाऱ्या तीन गाईड शेवटी केलेल्या का?

खाडीकाठ

दोन्ही दीड दीड मिली. मेडिकलमधली ५ मिलीची सिरिंज, काळ्या रबराची. आईस्क्रीमच्या काडीने साधारण मिनिटभर. आणि हो, मऊ राहिलेल्या तिन्ही शेवटच्याच. कसं ओळखलंत?

शिसगोळी

कपाच्या कडेला आणि तळाला लागलेला माल नीट मिसळत नाही. सुरुवातीला ब्रश मधलं मिसळलेलं उचलतो, शेवटी कड निपटून घेतो. तेच शेवटच्या गाईडवर गेलं.

तुमच्याकडे एक नाही, चार वेगळी दुखणी आहेत. एकेक घेऊ.

नख रुततं ती जागा. माप किंवा मिसळण चुकलं की ती कधीच कडक होत नाही, उन्हात ठेवा नाहीतर महिनाभर थांबा. रेझिन घट्ट असतं, सिरिंजमध्ये ओढताना हवेचा बुडबुडा येतो. दीड मिलीत ०.१५ मिलीचा फरक पडला की झाली १० टक्के चूक. म्हणून लागो न लागो, दोन्ही ३-३ मिलीच्या खाली कालवू नका. उरेल ते फेकायचं. वजनकाट्यावरही जाऊ नका: बाटलीवर मापाने १:१ लिहिलंय आणि रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, वजन सारखं केलंत तर हार्डनर जास्त पडतो. ढवळायला स्टीलची गुळगुळीत सळी घ्या, लाकडी काडीच्या छिद्रांतून बुडबुडे सुटतात. तीन ते चार मिनिटं, सावकाश, कड आणि तळ खरवडत. मग सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओतून आणखी मिनिटभर. पहिल्या कपाच्या कडेला उरलेलं तिथेच राहू द्या. शेवटी ॲल्युमिनियम फॉईलवर पसरा. कपात ढीग राहिला की तो स्वतःच्या उष्णतेने लवकर आळतो, फॉईलवर पातळ थरात काम करायला जास्त वेळ मिळतो आणि बुडबुडेही वर येऊन फुटतात.

या तीन गाईड सोडवाव्याच लागतील. हेअर ड्रायरने कोमट करा आणि ब्लेड फक्त गाईडच्या पायावर, धातूवर चालवा. ब्लँकच्या बाजूला ब्लेड टेकवायचं नाही. कार्बनला एक ओरखडा गेला तरी पुढे मासा लागल्यावर ब्लँक तिथेच कडकन मोडतो. दोरा सुटला की बाकीचं नखाने सोलून निघेल.

दुधाळ तेलकट थर. हा आपल्या हवेचा प्रसाद. हार्डनरमधलं अमाईन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळून वर मेणासारखा थर धरतं. आतलं इपॉक्सी बहुतेक वेळा ठीक असतं. हा थर पाण्यात विरघळतो, म्हणून आधी कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं. थिनर किंवा स्पिरिट आधी लावलंत तर तो नुसता पसरतो. पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकंसं घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग दुसरा हात. ॲसिटोन ब्लँकच्या रंगाजवळ नेऊ नका.

खळगे. याला कारण तुमच्या सिरिंजचं काळं रबर. ते सरकावं म्हणून त्याला सिलिकॉन तेल लावलेलं असतं. त्याचा अंश इपॉक्सीत आला की ते तिथून मागे सरतं. रबर नसलेली, आतला दट्ट्याही प्लास्टिकचाच असलेली सिरिंज मिळते, ती घ्या. बोटांना नारळाचं तेल किंवा रीलचं ग्रीस असलं तरी हेच होतं, तेव्हा दोरा गुंडाळायच्या आधी हात साबणाने धुवा. खळगे घासून, अल्कोहोलने पुसून दुसऱ्या हातात भरतील.

पोट आलंय ते लाईट गेल्यामुळे, मोटर थांबली आणि माल खाली ओघळला. ते धारदार ब्लेडने सपाट छाटा आणि पेपर मारून वरून हात द्या.

खडपी

वरचं सगळं बरोबर. फक्त लाईटचा बंदोबस्त सांगतो. २३० व्होल्टची लहान सिंक्रोनस मोटर असेल तर ती तीन-चार वॅटच खाते, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते. नाहीतर १२ व्होल्टची, १० आरपीएमची (मिनिटाला १० फेरे) गिअर मोटर घ्या आणि बाईकची बॅटरी जोडा. ९ ते १८ आरपीएममध्ये काहीही चालेल. फार जोरात फिरवलंत तर इपॉक्सी बाहेर ओढलं जातं. काहीच नसेल तर दर दोन-तीन मिनिटांनी हाताने अर्धा फेरा, थर आळेपर्यंत.

आणि कोरडी हवा हवी तर खोका करा. ५ फूट लांब प्लायचा, दोन्ही टोकांना रॉडपुरतं भोक, आत ४० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब. एलईडी नको, त्याची उष्णता पुरत नाही. हवा पाच-सहा अंशांनी तापली की आर्द्रता आपोआप उतरते. दोनशे-अडीचशेचा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवा आणि ७० टक्क्यांच्या खाली आकडा आला की मगच ब्रश उचला. ३८-४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, इपॉक्सी पाण्यासारखं पातळ होऊन ओघळतं. खोका तासभर आधी चालू करून ब्लँक आत ठेवायचा, दोऱ्यात मुरलेला दमटपणाही निघून जातो. बुडबुडे फोडायला तोंडाने फुंकू नका, तोंडाच्या वाफेतही तेच पाणी आणि तोच कार्बन डायऑक्साइड. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत दोन-तीन इंच खालून झरकन फिरवली तरी पुरे.

आता गाईड. अमुक इंच असं ठरीव उत्तर कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. रील लावा, स्पूलच्या (दोर गुंडाळलेल्या रिळाच्या) मध्यातून पुढे सरळ दोरी ताणा. ती दोरी ब्लँकला जिथे मिळते, तिथपर्यंत गाईडची भोकं उतरत्या क्रमाने लहान व्हायची, तिथून टिपपर्यंत सगळ्या एकाच नंबरच्या. तुमच्या मापाला ३०, २०, १२ आणि पुढे सगळ्या ८. आठच्या खाली जाऊ नका. खडपावर कालवं दोर कापतात म्हणून इकडे लीडर (दोराच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा) जाड लागतो, आणि त्याची गाठ लहान रिंगमध्ये अडकली की लूर (खोटं आमिष) भिरकावताना दोर तुटतो.

गाईड आधी पातळ इलेक्ट्रिक टेपने लावा, किनाऱ्यावर जाऊन ३० ग्रॅमचं शिसं हलक्या हाताने टाकून बघा. दोर पहिल्या गाईडवर फटफट आवाज करत आदळत असेल तर ती दोन इंच पुढे, परत टाका. मग घरी रॉड तिरपा बांधून दोर सगळ्या गाईडमधून ओवा, टोकाला वजन लावून वाकवा. ब्लँकचा बाक सगळीकडे सलग दिसला पाहिजे. दोन गाईडच्या मध्ये दोर ब्लँकपासून फार लांब सुटत असेल तर तिथे गाईड कमी पडतेय.

गरवेकर

गाईडचे पाय कानशीने घासता ना? टोक कागदासारखं पातळ झालं नाही तर दोरा चढताना फट राहते. आणि पायाखालची बाजू बोटाने चाचपा. तिथे धातूची खरखर राहिली तर तीच ब्लँकमध्ये रुतते. घासलेल्या जागी मुलामा गेलेला असतो, गंज तिथूनच धरतो. पाय जिथे दोऱ्यातून बाहेर येतो तिथे खाली एक बारीक बोगदा राहतो. तो सुईने इपॉक्सी सोडून बंद करा. खारं पाणी तिथेच बसून राहतं, आणि वर्षभराने दोऱ्याखालून तांबडं पाणी झिरपताना दिसतं.

टिपटॉप मात्र इपॉक्सीने चिकटवू नका. टिप ग्लूच्या कांडीने बसवा, म्हणजे मोडली तर लायटरने ऊब देऊन बदलता येते.

एमसील

रीलसीटखाली (रॉडवर रील बसते ती जागा) भराव कसला? मास्किंग टेपवर बसवलीये, पण सहा महिन्यांत हलायला लागते.

शिसगोळी

नाव सार्थ केलंत! मास्किंग टेप कागदाची, कडेने पाणी शोषून फुगते आणि कुजते. जिप्सम बोर्डच्या सांध्यांना लावतात ती फायबरची जाळीदार टेप घ्या, तिच्यात इपॉक्सी आरपार मुरतं. कागदी टेपच वापरायची असेल तर अर्ध्या इंचाचे पट्टे, मध्ये पाव इंच जागा, आणि ती जागा व दोन्ही टोकं इपॉक्सीने गच्च भरलेली. गोंद २४ तासांचा, पाच मिनिटांचा नको, तो उन्हातल्या गाडीत मऊ पडतो. हो, एमसीलसुद्धा नको.

खाडीकाठ

खोका उद्याच सुताराकडे टाकतो. तीन गाईड सोडवतो, बाकी धुऊन दुसरा हात. मजुरीचं कोणीच बोललं नाही :)

खडपी

तास मोजा. दोरा गुंडाळणं, कानस, दोन हात, साफसफाई धरून असा एक रॉड १२ ते १५ तास खातो, मोटर फिरते तो वेळ वेगळा. समजा सामान ६,००० चं आणि तासाला १५० धरले, १४ तास, म्हणजे २,१००. वर सामानाच्या १० टक्के बिघाडासाठी, ६००. झाले ८,७००. ओळखीतला म्हणून सवलत द्यायची तर मजुरीत द्या, बिघाडाच्या रकमेत नाही. ब्लँक मोडला की तोच पैसा लागतो.

राज्यात विकता तोवर मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण पेडण्याच्या किंवा पणजीच्या गिऱ्हाइकाला माल पाठवलात तर ती आंतरराज्य विक्री, तिथे ही सूट नाही, पहिल्या रॉडपासून नोंदणी लागते. बांद्यापलीकडे गोवा म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ब्लँक विक्रीसाठी परदेशातून मागवणार असाल तर आयात-निर्यात कोड काढा, अर्जाची फी ५००.

रॉडसोबत एक चिठ्ठी द्या: किती ग्रॅमपर्यंत, कुठला दोर, आणि दोन सूचना ठळक. खडपावर मासा रॉड उभा धरून उचलायचा नाही, लीडर हातात धरून किंवा गॅफने (दांड्याच्या आकड्याने) घ्यायचा. आणि वळवाचे ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवायचा, कार्बनमधून वीज वाहते. टिप मोडून परत येणाऱ्या रॉडांपैकी बरेचसे पहिल्या कारणाचे असतात, आणि भरपाईचा वाद घालताना ती चिठ्ठीच कामी येते.

खाडीकाठ

गिऱ्हाईक नेमकं पेडण्याचंच आहे.

खडपी

मग रॉड नंतर, आधी नोंदणी.