'ऊन लागलं' म्हणजेच 'उष्माघात' का?

हळदवाला, वसमत : आमच्याकडं हळद शिजवायला लागले की वरून ऊन अन् खालून कढईचा जाळ. संध्याकाळपर्यंत कुणाचं डोकं ठणकतं, कुणाला ओकारी होते, कुणी आडवा पडतो. सगळ्यांना शब्द एकच, 'ऊन लागलं'. पेपरात मात्र 'उष्माघात' छापतात. फरक फक्त बोलीचा आहे का?

परभणीची सिस्टर : नाही दादा, फरक आजाराचा आहे. 'ऊन लागलं'मध्ये गावानं सगळंच कोंबलंय. माणूस धड बोलतोय, नाव-गाव सांगतोय, तर त्याला सावलीत न्या, ओआरएस नाहीतर मीठ-साखरेचं लिंबूपाणी घोटघोट पाजा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि डोकं ठिकाणावर राहिलं नाही, की तो उष्माघात. त्यात जीव जातो.

उदगीरकर : शेतात थर्मामीटर कुठून आणावा? आमच्या आजीचा शब्द होता, 'बरळायला लागला'.

परभणीची सिस्टर : आजीचा शब्द आमच्या कामाचा आहे. बरळणं, झोकांड्या खाणं, झटके येणं, बेशुद्ध पडणं, ह्यातलं काहीही दिसलं की १०८ला फोन लावा आणि हेच शब्द सांगा. नुसतं 'ऊन लागलंय' म्हटलं तर ऐकणाऱ्याला काय कळणार? गाडीची वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा, जांघांत ठेवा. बरळणाऱ्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

हळदवाला, वसमत : पण घाम सुटलेला असला तर उष्माघात नसतो म्हणतात ना?

परभणीची सिस्टर : घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग बऱ्याचदा कोरडं पडतं. राबणारा गडी घामानं निथळत असतानाही उष्माघातानं पडतो. आणि तापाची गोळी देऊ नका. तापात मेंदूच अंग तापवायला सांगतो, गोळी तो हुकूम मागं घ्यायला लावते. इथं तसा हुकूमच नसतो.

उदगीरकर : खिशातला कांदा?

परभणीची सिस्टर : भाकरीसोबत खा.

लातूरची सून : मग 'उन्हाळी लागली' ह्यात कुठं बसतं?

परभणीची सिस्टर : कुठंच नाही ताई. ती लघवीची जळजळ. पाणी कमी पिलं की तीही होते, एवढाच संबंध.