मदत हवी आहे: ‘नीडलेसली’साठी नेमका शब्द कोणता?

लसींच्या फ्रिजवर लावायच्या सूचनेचं भाषांतर करतोय: ‘डू नॉट ओपन द लिड नीडलेसली.’ आतलं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहायला हवं, म्हणून ही ताकीद.

‘नाहक’ लावून पाहिला, पण त्यात अन्यायाची छटा येते. ‘नाहक बळी गेला’ म्हणतो, ‘नाहक झाकण उघडू नका’ कोण म्हणेल? ‘उगाच’ फारच घरगुती. ‘अनावश्यकपणे’ला सरकारी परिपत्रकाचा वास. ‘विनाकारण’ जवळचा, पण उघडणाऱ्याकडे कारण असतंच की. फक्त ते टाळता येण्यासारखं असतं.

स्टिकर एका ओळीचा, जास्तीत जास्त पाच शब्द, वाचणार आरोग्य कर्मचारी. ‘गरज नसताना झाकण उघडू नका’ यात ‘पुन्हा पुन्हा उघडू नका’ हेही आपोआप कळेल, की ते वेगळं लिहावं लागेल?