चर्चा: मूतखड्याच्या दुर्बिणीत ‘एकदाच वापरा’ स्कोप म्हणजे उधळपट्टी का?

मिरजकर
मूतखड्यासाठी आरआयआरएस (चिरा न देता दुर्बिणीतून लेसरने खडा फोडणं) करताना लघवीच्या वाटेने किडनीपर्यंत जी लवचिक दुर्बीण, म्हणजे स्कोप, जाते, ती दोन प्रकारची मिळते. एक धुऊन पुन्हा वापरायची, दुसरी एका रुग्णापुरती. ही दुसरी दुर्बीण 2016 पासून मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि तेव्हापासून ‘गरीब देशाला हे परवडतं का’ हा सूर ऐकतोय. माझं मत उलटं आहे. लहान हॉस्पिटलला तीच परवडते.

हिशेब मांडतो. आकडे धरलेले आहेत, आपापले घालून बघा. पुन्हा वापरायचा 8 लाखांचा स्कोप, 3 वर्षं, महिन्याला 2 केसेस, म्हणजे 72 केसेस. खरेदीचाच वाटा केसमागे 11,111 रुपये. मध्ये 3-3 लाखांच्या दोन दुरुस्त्या निघाल्या की आणखी 8,333. झाले साडेएकोणीस हजार. धुणं, निर्जंतुकीकरण, सिस्टरचा वेळ यात धरलेलाच नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातल्या एका अभ्यासात वर्षभराच्या 160 केसेस तपासल्या होत्या. पुन्हा वापरायचा डिजिटल स्कोप तिथे 99 केसेसनंतर स्वस्त पडू लागला. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी किती जण तिथवर पोचतात?

हिशेबनीस
मिरजकर, 72 केसेसमध्ये दोन मोठ्या दुरुस्त्या निघत असतील तर दोष स्कोपचा नाही. लेसरची तार, म्हणजे फायबर, पुढे सरकवताना स्कोप सरळ ठेवायचा असतो. वाकलेल्या स्कोपमध्ये फायबर रेटला की आतला चॅनल (बारीक नळी) फाटतो, आणि फायबरचं टोक बाहेर आलेलं न बघता लेसर सोडला की तो जळतो. एक दुरुस्ती वगळा, तुमचाच आकडा सव्वापंधरा हजारांवर येतो. महिन्याला 15 केसेस करणाऱ्या ठिकाणी तर खरेदीचा वाटा दीड हजारांच्या आत आहे. आणि तो 99 चा आकडा इथे जसाच्या तसा कसा चालेल? तिथलं मनुष्यबळ महाग, दुरुस्तीचे करार वेगळे. आपल्याकडे माणसाचा तास स्वस्त आहे आणि आयात माल महाग.

शुश्रूषा
माणसाचा तास स्वस्त म्हणून तो मोजायचाच नाही का? मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आहे, काय करावं लागतं ते सांगते. केस संपल्या संपल्या बाहेरून पुसायचा, चॅनलमधून सिरिंजने पाणी मारायचं. मग लीक टेस्ट: हवा भरून पाण्यात धरायचा, बुडबुडा आला की स्कोप बाद. मग एन्झाइमच्या द्रावणात भिजवणं, केसाएवढ्या ब्रशने चॅनल घासणं, पुन्हा धुणं, पूर्ण वाळवणं. त्यानंतर ईटीओ, म्हणजे इथिलिन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण. त्याचा वायू निघून जायला इतका वेळ लागतो की तो स्कोप त्या दिवशी दुसऱ्या रुग्णाला मिळतच नाही. चॅनल जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, आत काय राहिलं ते डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवरची सरकारी नियामक संस्था) 2021 मध्ये धुऊन वापरलेल्या मूत्रमार्गाच्या दुर्बिणींबद्दल इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे संसर्ग किंवा दूषित स्कोपच्या 450 हून जास्त नोंदी जमल्या होत्या. ऑपरेशनच्या घाईच्या यादीत यातली एखादी पायरी गाळली जाते, हे ओटीत काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

हिशेबनीस
ताई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण पायरी गाळली जाते याचं उत्तर माणूस वाढवणं आणि यादी आवरणं हे आहे. सरसकट नवा स्कोप फोडण्यापेक्षा, किडनीच्या खालच्या कप्प्यातला अवघड खडा किंवा आधीच जंतुसंसर्ग असलेला रुग्ण, एवढ्यापुरताच तो ठेवा. यात माझीही हरकत नाही.

निशिगंध
तुम्ही सगळे हॉस्पिटलच्या खिशाचं बोलताय. माझ्या वडिलांच्या बिलात ‘डिस्पोजेबल स्कोप’ अशी ओळ होती आणि रक्कम पूर्ण लावलेली. पाकीट दाखवा म्हटलं तर टाकून दिलं म्हणाले. अशा पाकिटावर 2 च्या आकड्यावर तिरकी रेघ मारलेली असते, म्हणजे पुन्हा वापरायचं नाही. तरी आपल्याकडे हेच स्कोप ईटीओ करून पुढच्या रुग्णाला वापरले जातात, हे उघड गुपित आहे. मग वाचवलेला पैसा कोणाचा? केसेस किती यावर तुम्ही खुशाल वाद घाला, मला बिलावर बॅच नंबरचं स्टिकर हवंय. स्टेंटचं चिकटवतात ना?

मिरजकर
निशिगंध, शंभर टक्के सहमत. एकदाच वापरायचा स्कोप पाच जणांना वापरून पाचही बिलांत पूर्ण किंमत लावायची, हा हिशेब नाही, ही लूट आहे. आणि संसर्ग टळण्याचा जो फायदा असतो तोही त्यात जातो, कारण हा स्कोप पुन्हा धुण्यासाठी बनवलेलाच नसतो.

सह्यकडा
कचऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. दर केसला कॅमेरा, वायर, प्लास्टिक फेकायचं?

शुश्रूषा
2018 मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी हे मोजलं होतं. एका केसमागे कार्बनचं उत्सर्जन एकदाच वापरायच्या स्कोपचं 4.43 किलो, धुऊन वापरायच्याचं 4.47. धुण्या-निर्जंतुकीकरणाला वीज आणि पाणी लागतंच.

सह्यकडा
तिथल्या विजेवर तिथला आकडा. शिवाय कार्बन समसमान आला म्हणून हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या लाल पिशवीतलं प्लास्टिक कमी होत नाही.

हिशेबनीस
मूळ मुद्द्यावर येतो. महिन्याला दोनच केसेस असतील तर कोणता स्कोप घ्यावा हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे आरआयआरएस का करायची? दोन सेंटिमीटरच्या वरचा खडा असेल तर तसंही पीसीएनएल (पाठीतून छोटं छिद्र करून खडा काढणं) आधी सुचवतात. बाकीचे रुग्ण मिरज-कोल्हापूरला पाठवा. तिथे हात सरावलेले, स्कोप टिकतो, खर्च उतरतो.

मिरजकर
पाठवा म्हणणं सोपं आहे. जतहून मिरजेला येणाऱ्या रुग्णाबरोबर एक माणूस येतो, दोघांची मजुरी बुडते, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. काही आठवड्यांनी डीजे स्टेंट (ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली नळी) काढायला पुन्हा तीच फेरी. बऱ्याच जणांची ती दुसरी फेरी लांबते आणि विसरलेल्या स्टेंटवर खडे चढलेले रुग्ण आम्ही बघतो. तो खर्च तुमच्या केसमागच्या आकड्यात कुठे धरलाय ते आधी सांगा.